पायरीवर मागितलेला इसार

नाव पहिल्या पानावर लिहिल्याप्रमाणे, वय ५७, धंदा शिवणकाम, राहणार बेकरीमागच्या गल्लीतले शेवटचे घर. पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते की,

सदर घर माझ्या नावावर असून मी ते विकायला काढले. दातांच्या डॉक्टरांनी ते दवाखान्यासाठी पसंत केले व चार लाख रुपये इसार दिला. खरेदीदाराने माघार घेतल्यास इसार परत मिळणार नाही, असे पावतीत लिहिले आहे. डॉक्टरांनी ते स्वतः वाचून सही केली.

सही झाल्यावर ते म्हणाले, "मावशी, तेवढी मधली भिंत पाडून ठेवा, म्हणजे मला ऐसपैस होईल." मी भिंत पाडली. आता माझी मशीन गॅसला लागून आहे. कपड्यांना कांद्याचा वास येतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे.

या महिन्याच्या ४ तारखेला डॉक्टर आले, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "याला तर खोल्याच नाहीत. मला नको हे घर." माझ्या डोक्यात तिडीक गेली. भिंत कोणी पाडायला लावली, असे विचारले, तर म्हणाले, "मी आपलं सुचवलं होतं."

तेव्हापासून ते रोज नऊ ते अकरा माझ्या पायरीवर घडीची खुर्ची टाकून इसार परत मागतात. त्यांचे पेशंटही तिथेच येऊ लागले आहेत. ९ तारखेला त्यांनी माझ्याच गिऱ्हाइकाची दाढ पायरीवर तपासली. मला या सगळ्याचा वीट आला आहे.

इसार माझ्याकडे शिल्लक नाही. मुलीच्या शेजारची खोली घ्यायची म्हणून तो मी तिथल्या मालकांना इसार म्हणून दिला. मुलीला सातवा महिना आहे, तिच्या घरात दुसरे कोणी नाही. २० तारखेपर्यंत बाकी रक्कम न दिल्यास खोलीही जाईल व इसारही. मालकांकडे पैसे परत मागितले, तर त्यांनी मला माझी पावती वाचून दाखवली. मजकूर तोच होता.

डॉक्टरांनी घर घ्यावे, नाहीतर भिंत बांधून द्यावी आणि पायरी सोडावी, एवढेच माझे म्हणणे आहे. मारहाण झालेली नाही.

काल सकाळी मी घरी का नव्हते, असे विचारल्यावरून सांगते की, डॉक्टर माझ्या पायरीवर होते, तेव्हा मी त्या मालकांच्या पायरीवर बसले होते. स्टूल घरूनच नेले होते.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. शेवटचा भाग हळू वाचा म्हटले होते. पण लिहिले आहे ते बरोबर आहे.