बाळाची सीट आणि आजीचं वजन

नाही पण मी म्हणते, माझ्या मांडीला काय धाड भरली होती? माझी सगळी लेकरं ह्याच मांडीवर दवाखान्यातून घरी आली... आणि परवा त्या दवाखान्याच्या दारात, ओळख ना पाळख, एक नर्स मला म्हणते, "आजी, गाडीत बाळ मांडीवर न्यायचं नाही. त्याच्या सीटमध्येच बांधायचं." आता गाडी लेकाची, बाळ सुनेचं, दवाखाना त्या नर्सचा, मी कोण? म्हटलं, बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं!

माझं मागणं तरी केवढंसं हो! नातू पहिल्यांदा घरी येतोय, मांडीवर नाही तर नाही, निदान त्याच्या शेजारी बसून यावं, त्याच्या पायाला हात लावावा... बास! पण लेकाने काय केलं, सीट उचलली आणि थेट पुढं ठेवली, स्वतःच्या बाजूला. नर्स किंचाळलीच! "अहो, पुढे एअरबॅग आहे!" लेक छाती काढून म्हणतो, "आहे ना! म्हणून तर पुढे. सगळ्यात सेफ!" तुम्हाला सांगते, त्या एअरबॅगा त्याने सगळ्या बिल्डिंगला दाखवल्या होत्या. म्हणजे डॅशबोर्ड दाखवला होता, त्या आत असतात म्हणे. नर्सने डोक्याला हात लावला. "ती मोठ्यांसाठी. गाडी धडकली की डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि बाळाच्या सीटवरच आदळते. मग काय होतं ते मला बोलायला लावू नका. मागे घ्या." लेकाचं तोंड असं उतरलं... सून बाळाला छातीशी धरून उभी, तिच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं!

मग मागं. लेक गाडीत डोकं खाली घालून, बाहेर नुसती त्याची पँट दिसतेय, आणि आतून आवाज, "झालं!"... "नाही झालं!"... "आता झालं!" नर्सने सीट धरून हलवली तर ती झुलतेय आपली झोपाळ्यासारखी! "असं नाही चालणार. कुणीतरी वजन टाकून दाबा, मग पट्टा ओढा." वजन? लेक म्हणजे छत्रीची काडी, सुनेचे टाके ओले. फिरत फिरत सगळ्यांची नजर कुणावर आली असेल? हाच लेक हो, ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं की "आई, वजन बघ जरा!" आणि आता? "आई, टाक ना वजन!" म्हटलं, बरं बाबा, तुम्ही म्हणाल तसं!

टेकवला गुडघा त्या सीटमध्ये आणि रेटलं सगळं बळ लावून. लेकाने पट्टा खेचला, कडकड वाजलं, पट्टा की गुडघा देव जाणे! नर्सने हलवली... तसूभर हलेना! "वा आजी!" म्हणाली. मी अशी फुगले म्हणता!

बाळाला बांधलं, पलीकडे सून बसली. मधली जागा माझी, हक्काची! एक बाजू गेली आत... दुसरी जाईल तर शपथ! पट्ट्याचं कुलूप कुठंतरी माझ्याखाली गडप. नर्स म्हणते, "आजी, तुमचा पट्टा लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही." लेक हळूच म्हणतो, "आई, बाळाची सीट सैल करू का थोडी? होईल तुला जागा."

"खबरदार!" कोण ओरडलं? मीच!

मग पुढं बसायला गेले. तर बाळाची सीट मावावी म्हणून पुढची सरकवलेली पार पुढं, माझे गुडघे डॅशबोर्डला! नर्स खिडकीत हजर. "आजी, इतकं जवळ नाही हं, एअरबॅग..." म्हटलं, उतरते बाई, उतरते! बाळाला घट्ट बसवायला ह्यांना माझं वजन लागलं, आणि बाळाशेजारी बसायला तेच वजन आड आलं!

"आई, टॅक्सी केलीये, मागोमाग ये." गेली गाडी. लेकाचं तोंड पुढं, सुनेचं तोंड बाळाकडं. पण ती सीट असते उलटी, बाळाचं तोंड मागं! म्हणजे अख्ख्या गाडीत माझ्याकडं तोंड असलेला एकटा माझा नातू! मी आपली धावले चार पावलं, हात हलवतेय, टाळ्या वाजवतेय, "ए सोन्या, ए राजा!"...

पठ्ठ्या झोपला होता.