शाकारलेली गाडी

मी मूळची उरणजवळच्या मोऱ्याची. बापाची होडी होती, आईची मच्छीची पाटी होती, आणि लग्न होऊन पनवेलला आली तवा ती पाटीच माझ्यासंगती आली असं समजा. चाळीस वर्सं बाजारात मच्छी विकली. नवरा लवकर गेला, पोरगा एकच, हरेश, त्याला त्या पाटीवरच वाढवला. पाटीचं काय, ती डोक्यावर असली की रिक्षावाला थांबत नाय. थांबला तर बोलतो, मावशी, पाणी गळतंय, वास येतो, तुमी दुसरी बगा. मंग मी चांगल्या शिव्या द्यायची, तोंड माझं पयल्यापासून फाटकं हाय, बाजारात कोणी पण सांगेल. पण घरी आली की हात लिंबानं घासायची. पोराच्या शाळेत जायचं असलं की दोनदा घासायची.

हरेश द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर झाला आणि त्यानं काय केलं, तर कोणाची तरी वापरलेली विजेवरची गाडी घेतली. मी बोलली, मेल्या, पेट्रोल नाय, आवाज नाय, ही गाडी हाय का खेळणं? बोलला, आये, बस तर खरी. पाटी त्यानं स्वतः डिकीत ठेवली, खाली प्लास्टिक पण टाकलं नाय. अरे वास लागेल, मी बोलली. तर बोलतो, लागू दे, मी त्याच वासात मोठा झालो. काय सांगू तुमाला, बाजाराच्या तोंडाशी त्या गाडीतून उतरली तवा सगळ्या बायका बगत रायल्या, आणि मी मुद्दाम सावकाश पदर सारखा केला.

दोन वर्सं बसली मी त्या गाडीत. मंग एका सकाळी आंघोळ करून आला, बोलला छातीत कसंतरी होतंय, पलंगावर बसला तो उठलाच नाय. छत्तीस वर्सांचा. त्याच्यावर जास्त बोलायला सांगू नका.

गाडी दारात उभी रायली. आता आमा कोळ्यांची रीत अशी, पावसाळ्यात होडी वर ओढायची, झावळ्या, ताडपत्री घालून शाकारायची, ती नारळी पुनवेला उघडायची. कोरडी ठेवली, झाकून ठेवली की होडी मालकाची वाट बगत तशीच रायते. मला ठाऊक होतं ते एवढंच. मी गाडी तशीच शाकारली, वरून बापाचं जुनं जाळं बांधलं. सून माझी, सुनीता, एकदा बोलली, आई, हिला चार्जिंगला लावायला पायजे. मी खेकसली तिच्यावर, हात लावायचा नाय. का, तर आत काट्यावर चाळीस टक्के दिसत होतं. गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी हरेशनं वायर लावली होती, लाईट गेली म्हणून चाळीसवरच थांबलं होतं. ते चाळीस त्याच्या हातचे. दुसऱ्या कोणी भरलं तर त्याचं त्यात मिसळून जाईल असं मला वाटायचं. येडेपणा हाय, पण वाटायचं. पुनवेला ताडपत्री काढली, नारळ वाहिला, हळदकुंकू लावलं, परत झाकली.

दीड वर्स गेलं. बाजारात माझ्या शेजारी शेवंता बसते, तिची किडनी गेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रिक्षात चढता-उतरता तिचा जीव जायचा. एक धर्मादाय दवाखाना हाय, ते अशा पेशंटांना नेतात-आणतात, पण त्यांच्याकडं गाडी एकच. मी सुनीताला बोलली, आपली गाडी त्यांना देऊन टाकू. हरेशनं ही उभी करायला घेतली नव्हती. ती रडली, पण कागदांवर सह्या तिनंच केल्या.

दवाखान्याचा माणूस मेकॅनिक घेऊन आला. मी जाळं सोडलं, काच पुसली, हार घातला. मेकॅनिकनं बटण दाबलं. काय नाय. परत दाबलं. काट्यावर उजेड पण नाय. बोलला, मावशी, बॅटरी मेली. उभ्या गाडीत पण थेंब थेंब उतरत असते, मधून मधून चार्जिंग लावलं असतं तर जगली असती. होडी झाकून जगते, ही झाकून मरते, हे मला कोणी सांगितलंच नाय. खोटं कशाला बोलू, सुनीतानं सांगितलं होतं. मी जपता जपता मारली. तिथंच पायरीवर बसली आणि रडली, हरेश गेला तवा रडली नव्हती तेवढी रडली.

गाडी त्यांनी ओढून नेली. ठोकलेल्या कुठल्या गाडीची बॅटरी मिळाली, ती बसवायला चार महिने गेले. आता धावते. शेवंता पुढं बसते, मला हात करते. पण गाडीत हरेशच्या हातचं काय रायलं नाय.

परवा ड्रायव्हर बाजारात थांबला. बोलला, मावशी, उन्हात डिकीतून मच्छीचा वास येतो, दोनदा फिनाईलनं धुतली, जात नाय, पेशंटांना मळमळतं, काय करू? मी बोलली, डिकी उघड जरा. आत वाकली, डोळे मिटले, एकदा वास घेतला. मंग पाटीजवळची चार लिंबं त्याच्या हातात दिली. बोलली, फिनाईलनं काय होत नाय, हे घास, तीन दिवस घास, जाईल.

जाऊ दे. आजारी माणसाला वास नको. त्या गाडीतून जाईल तो घरी परत येवो, एवढंच मागते मी.