‘अबे’ची तक्रार

(मनीषनगर. कामिनीताईंचं घर, दुपार. दोघांसमोर लॅपटॉप; कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवणाऱ्या फोरमची देखरेख चालू.)

कामिनी: हे पाय, फोरमवर अजून एक दीडशहाणा. ‘हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा.’ उडवू?

धम्मदीप: उडवा. सकाळपासून अशा सोळा पोस्टी उडवल्या मी. एक तं टकलावरच्या तेलाची जाहिरात होती. डोकं उठलं बाप्पा!

कामिनी: अन् हा म्हणते, फॉरमॅट मारा. त्या श्वेताची चार वर्षांची पीएचडी आहे गा त्या डिस्कमंधी! तीन दिवस झाले, बिचारी विचारून राहिली, ‘कोणी आहे का?’

धम्मदीप: मले डिस्कमधलं समजत नाही न ताई. आपण फक्त झाडू मारणारे.

कामिनी: ज्याले समजते त्याले तू हाकललं.

धम्मदीप: पुन्हा तेच! नियम आहे आपला. अपशब्दाच्या तीन तक्रारी, की खातं बंद.

कामिनी: ‘अबे’ अपशब्द आहे? नागपुरात?

धम्मदीप: तिसरी तक्रार करणारा मेंबर पुण्याचा होता. ‘मला अबे असे संबोधण्यात आले.’

कामिनी: अन् त्याचा प्रिंटर सुरू कोणी करून दिला? रुपरावनंच न? ‘अबे, पहिले ट्रे तं नीट लाव.’ एका ओळीत काम! तीस वर्षं कॉम्प्युटर खोलत आला तो माणूस.

धम्मदीप: मले माहीत नाही का? मी नवीन होतो तवा मलेही म्हणे, ‘अबे पोट्ट्या, वाच पहिले, मंग विचार.’ सारं त्याच्याजवळूनच शिकलो मी.

कामिनी: मंग काहून केलं असं?

धम्मदीप: चाळीस तक्रारी तुंबल्या होत्या त्या दिवशी. नाव न पाहताच बटन दाबलं. मागून पाहिलं, तं लाज वाटली. दोन महिने फोन नाही केला.

कामिनी: आता कर. पहिले त्याचं खातं सुरू कर, मंग फोन लाव. माझ्यासमोर. स्पीकरवर टाक.

धम्मदीप: हॅलो... रुपरावभाऊ? धम्मदीप बोलून राहिलो.

रुपराव: नमस्कार, धम्मदीपजी. बोला.

धम्मदीप: भाऊ, तुमचं खातं सुरू केलं मी. चुकलंच माझं. एका पोरीची डिस्क टकटक करून राहिली, सारी पीएचडी अटकली आहे...

रुपराव: कृपया त्यांना सांगा, डिस्क लगेच काढून ठेवा. पुन्हा चालू करून पाहू नका. इथे महाल भागात माझ्या ओळखीचा एक जण आहे, डेटा काढून देतो. नंबर पाठवतो. बहुतेक निघेल.

कामिनी: निघेल म्हणते! थांब, मी आत्ताच लिहिते तिले.

धम्मदीप: भाऊ, या न परत. तुमच्याबिना जमत नाही जी.

रुपराव: येईन ना. काही अडचण असली तर जरूर कळवा, सर.

धम्मदीप: सर काहून म्हणता? एकदा ‘अबे’ म्हणा न भाऊ.

रुपराव: नाही जी. तोंडाची सवय होती. मोडली आता.