मामाचे दात आन् माझी वायर

...न्हाई, न्हाई, तुमीच सांगा, उंदराला उंदीर म्हणायचं न्हाई हे कोणत्या कायद्यात बसतंय? मामा म्हणायचं! उंदीरमामा! माझा सख्खा मामा वालूरला हाय, त्याला मी जनमात कव्हा अहोजाहो केलं न्हाई, आन् इथं कारखान्यात ज्याची शेपटी अंगाहून लांब त्याला 'या मामा, बसा मामा'! बरं, बसून मामा खायलेत काय? माझी वायर!

तुमाला सांगतो, मी मुंजाजी, सेलूला मन्मथअप्पाच्या जीनमंदी, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बिजलीचा मिस्त्री. अप्पानं इंजनाला डायनामो जोडला, आन् सगळं सेलू कंदिलाच्या काचा पुसत बसलेलं असताना आमच्या जीनमंदी बटन दाबलं की लख्ख! तालुकदारसायब बी बगायला आले, मान वर करून उभे राहिले, टोपी पडली त्यांची. अप्पाची छाती अशी फुगली! पण दिवा जळतो कशावर? वायरीवर. आन् वायर कशाची? आत तांब्याची तार, वरून रबर, रबरावर सुताचं वेष्टण, त्याला मेण चोपडलेलं... म्हणजे उंदराच्या हिशोबानं पक्वान्नच की वो! त्यात जीन म्हणलं की सरकीचे ढीग. तिथं उंदीर येणार न्हाई तं काय हत्ती येणार?

म्हणून मी पयल्या दिवसापासून घसा फोडून सांगायलो, अप्पा, नळी द्या! लोखंडी नळी! वायर नळीतून नेऊ, मंग बसू दे त्यायला दात घासत. दुसरं काय मागितलं मी? पगार वाढवा म्हणलं? नळी द्या म्हणलं!

तर अप्पा कसे बोलतेत बगा, डोळे अर्धे मिटून, "मुंजाजी... लढाई चालूय बाबा... समदं लोखंड तोफायला चाललंय... लाकडाची पट्टी मार." मारली. लाकडाच्या पट्टीत वायर घातली, वरून झाकण ठोकलं, आन् झाली का न्हाई वाळवी? वरून पट्टी साबूत, बोट लावलं की भुगा! बाहेरून मामा, आतून वाळवी, मधी माझी वायर. आता वाळवीला काय म्हणायचं, मावशी?

तुमी म्हणाल, वायर अप्पाची, उंदीर अप्पाचे, तुला कामून एवढं झोंबायलंय? सांगतो ना. त्या वायरीच्या खाली उभं कोण राहतंय? माझी बायको, बायनाबाई! दिवसभर मशिनीत कापूस घालती. डोक्यावर दिवा, दिव्याला ती वायर, आन् भवताली रुई उडायली, केसात रुई, पापणीवर रुई, लुगड्यावर रुई. एक ठिणगी पडली तं काय होईल? मला घास जात न्हाई वो, खरं सांगतो. कामावर तिच्याकडं बगायच्या आधी मी वायरीकडं बगतो. लग्नाच्या बायकोकडं माणूस असं बगतो का?

म्हणलं, नळी न्हाई तं न्हाई, मांजर तरी आणू! अप्पानं दोन्ही कान धरले, गळ्यातल्या लिंगावर हात ठिवला, "शिव शिव शिव! माझ्या जीनमंदी जीवहत्या? अरे, ते साधं जनावर हाय का? गणपतीचं वाहन हाय! गणपती कुणाचा लेक? महादेवाचा. आपुन कुणाचे? महादेवाचे. मालकाच्या घरच्या घोड्यावर कुणी मांजर सोडतंय का?" आन् वरून हुकूम, "शिवी तं अजाबात देऊ नको. ऐकतेत ते. डूख धरतेत." आमच्याकडं म्हणतेतच तसं, उंदराला शिवी दिली की तुमचंच धोतर कुरतडतो. अहो, पण वायर कुरतडायलाय त्याचं काय? वायरीनं कव्हा शिवी दिली होती?

मंग आल्या उमादेवी, अप्पाच्या मालकीण. बाई देवमाणूस, खोटं कामून बोलू? पण देवमाणसायची लय भीती वाटती मला. म्हणल्या, "मुंजाजी, लेकरा, भुकेजलेत रे ते. पोट भरलं की कशाला दात लावतील?" म्हणलं, आईसायब, उंदीर भुकंपायी कुरतडत न्हाई, त्याचे दात वाढतेत, त्याला घासावंच लागतेत, नळी द्या! तर त्या हसल्या माझ्याकडं बगून. दुसऱ्या दिवसापासून निवद सुरू! भिजली डाळ, गूळ, खोबरं, चांगलं पळसाच्या पानावर. आन् ठिवायचं कुठं? बटनाच्या पाटीखाली! जिथून समद्या वायरी निघतेत तिथंच! का, तर "जिथं तरास देतेत तिथंच वाढावं." वा! चोर जिथं भिंत फोडतो तिथंच त्याला पाट मांडा!

मंग काय इचारता! सेलूच्या आडत बाजारातले उंदीर, टेसनावरले उंदीर, मला तं वाटतंय परभणीहून गाडीत बसून आले काही. गूळ खायचे, वायरीवर चढायचे, तोंडं पुसायचे आन् दात घासायला बसायचे! मिसरी लावल्यावाणी! गुळाला मुंग्या लागल्या, त्या मुंग्या शिरल्या बटनात. बटन दाबलं की चर्र... मुंग्या भाजल्याचा वास, दिवा मिचमिच करायचा. मी पळत गेलो, अप्पा, बटनं खराब झाली, आता तरी नळी द्या! अप्पा दिव्याकडं बगत हात जोडून, "बग, कसे खूश झालेत. डोळे मिचकावायलेत."

आन् एक दिवस सकाळी पाटीपाशी गेलो तं समोर वायर सोललेली, तांबं उघडं, आन् तिच्यावर ह्यो एवढा मामा बसलेला! हलला न्हाई! माझ्याकडं बगून मिशा हलवल्या लेकाच्यानं. मंग दिली मी शिवी. दिली! त्याच्या आईपासून सुरू केलं आन् पार त्याच्या... जाऊ द्या, इथं बाया बसल्यात. जीनमंदल्या समद्या बायायनं ऐकली. काही तं हसल्या बी.

सोललेल्या जागी पट्टी गुंडाळली. पण एक जागा सापडली म्हणून दुसरी सापडती का? वर पत्र्याखाली, जिथं माझा हात पोचत न्हाई, तिथं बी खाल्लेली होती. दुपारी फट्ट आवाज झाला. ठिणगी रुईवर. रुई अशी पेटती, तुमाला सांगतो, की तोंडातला शब्द तोंडातच राहतो. बाया वरडत बाहेर. मी आत पळालो तं बायनाबाईचा पदर पेटलेला! आन् ती काय करायली? हातानं इझवायली, स्वतःच्या हातानं, थापट्या मारमारून! बारदान भिजवलं, तिच्यावर टाकलं, तिला कवळ्यात धरून बाहेर वढलं. कोपरापोतर हात भाजला तिचा. फोड बगवत न्हवते. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं तव्हा ती मला म्हणती, "तुमचं धोतर जळलंय वो, मागून." मला रडू आलं, खोटं कामून सांगू!

माघारी आलो. आग इझली होती. अप्पा दारात उभे. म्हणलं, आता तं म्हणतेलच, मुंजाजी, तुझं ऐकायला पाहिजे होतं. तर अप्पा म्हणले, "शिवी कुणी दिली?"

समद्या बायायनं माझ्याकडं बगितलं. मी काय लपवू? दिली होती. सकाळीच दिली होती. मनापासून दिली होती!

मंग शांती. जंगमस्वामी आले, पूजा झाली, आन् प्रायश्चित्त म्हणून परभणीच्या सोनाराकडून उंदीर घडवून आणला. चांदीचा! मुठीएवढा, हातात मोदक धरलेला, डोळ्याच्या जागी लाल खडे. जीनच्या कोनाड्यात गणपती होता, त्याच्यापुढं बसवला. आता चांदी म्हणलं की चोराचं भेव आलं. अप्पाला झोप लागंना. म्हणून त्या उंदरापुढं जाळी केली. कशाची? लोखंडाची! अशा बोटाबोटाएवढ्या जाड सळया! म्हणलं, अप्पा, लढाई चालूय ना? लोखंड तोफायला चाललंय ना? तर म्हणतेत, "देवाचं काम हाय म्हणून अर्ज दिला. परवाना लगेच मिळाला बाबा."

जाळी बसवायला कुणाला बोलावलं? मलाच. बसवली. दगडात भोकं पाडून पक्की बसवली. आता जीनमंदी बायनाबाई बी परत आली हाय, हाताला फडकं बांधून, डाव्या हातानं कापूस घालती. हंगाम हाय, घरी बसून कसं भागंल? काल मला म्हणती, "वो, आता बसवलंच हाय तं त्या मामाला जरा हात जोडा की. तुमचं काय जातंय?"

जोडले. रोज जोडतो. काय करता? नवी वायर तशीच उघडी टाकलीय... आन् बायको तिच्याच खाली उभी हाय.