पलीकडे चालू असलेला पंखा

—नाही नाही, खोली रिकामीच आहे, ये ना आत. पंख्याकडे बघू नकोस, तो चालूच असतो. चपला बाहेर काढल्यास ना? आमच्याकडे तेवढा एकच नियम — चपलांचं तोंड दाराकडे असलं की माणूस घरात, जिन्याकडे असलं की बाहेर. म्हणजे उगाच हाका मारायला नकोत. तुझ्या मी फिरवून ठेवल्या — अगं, हसतेस काय! तू म्हटलं तर चालेल ना? माझ्याच वयाची दिसतेस.

आधीची? गोगलगाय. मी ठेवलेलं नाव, तोंडावर नाही हं म्हणायचे. कामावरून आली की खोलीत, दार बंद. आणि माझं काम हे असं — लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करायची. कोणी बोललं नाही तर कंसात 'शांतता' लिहायचं. वरचे साहेब म्हणतात, शांतता ओळखावी तर हिनेच! खरंच, श्वास रोखून बसलेला माणूस वेगळा आणि लाइनीवर कोणीच नसणं वेगळं — मला लगेच कळतं. आता स्वतःची टिमकी काय वाजवायची, पण कळतं.

तर भिंतीपलीकडून तिचा पंखा ऐकू यायचा, आणि बारीक टकटक. मला वाटायचं, बाईसाहेब पाय हलवताहेत, सवय असते एकेकीला. एकदा दुधावरून मी दाराला तोंडाला येईल ते बोलले, मग रात्रभर तळमळले, सकाळी पुन्हा दाराशी जाऊन म्हटलं, चुकलं बाई माझं. टकटक झाली. मला वाटलं, चला, राग गेला. वाढदिवसाला केकचा तुकडा ठेवला दाराशी, त्याला मुंग्या लागल्या — म्हटलं, डाएट असेल. आईचा फोन आला की ती विचारायची, तुझी मैत्रीण कशी आहे गं, मी म्हणायचे, मजेत आहे, आत्ताच बोललो आम्ही. खोटं नव्हतं ते. म्हणजे, माझ्या बाजूनं नव्हतं.

मग एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला — आणि टकटकही थांबली. पायाला कशाला लाइट लागते, सांग? मी हेडफोन काढला, कान दिला, आणि उठून तिच्या दाराशी गेले. दार ढकललं तर उघडंच. कपाट मोकळं, गादीसुद्धा नाही. पडद्याची ती कडी बघ, पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवर आपटते, ती टकटक. जुन्या चपला तेवढ्या बाहेर, दाराकडे तोंड करून. मी फोन लावला, तर म्हणते कशी, "अगं, केव्हाच गेले मी, तुला सांगूनच निघाले की! तू काम करत होतीस, मान हलवलीस." मान हलवली म्हणे मी! माझ्या पाठीमागून गादी गेली बाहेर आणि मी कोणा परक्या नवरा-बायकोचं भांडण टाइप करत बसले होते.

नंतर लाइट आली आणि पंखा आपोआप सुरू झाला. टकटकही. काय सांगू, मला इतकं बरं वाटलं गं — आं? नको! बटणाला हात लावू नकोस! तसं काही नाही, वेड वगैरे नाही लागलेलं. झोप येत नाही इतकंच. आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, मी म्हणते, आहे, खोलीत आहे.

भाड्याचं तू म्हणशील तसं करू. माझं मागणं एकच — दिवसातून एकदा माझ्या दारावर ठोठावायचं. आत नाही यायचं, बोलायचंही नाही. मी 'हं' म्हणेन, झालं. 'हं' नाही आलं तर समजायचं. उद्या मला काही झालं तर माझा पंखाही असाच चालू राहील ना.

कळवतेस? बरं. कळवते म्हणजे काय ते कळतं मला, दिवसभर तेच तर ऐकते. नाही नाही, राग कसला. जा, तुला उशीर होत असेल. पण जाता जाता बाहेरून एकदा ठोठावशील? गंमत म्हणून. थांब, आधी दार लावते.

हं. लावलं. ठोठाव.

चपला घालतेयस का? घाल, सावकाश घाल.

अगं — आहेस ना?