उलटं टांगलेलं जहाज

दवाखान्यात नंबरची वाट बघत सुतारकाका थरथरणारा उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. शेजारी तिशीतली एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ वहीत, कधीच बंद पडलेल्या एका अंतराळमालिकेतल्या जहाजांची यादी तपासत होते.

“एकूण सतरा जहाजं, ताई. तेरावं लाल, चौदावं निळं.”

“निळ्याचं शेपूट कसलं ऐटीत वर! ज्यानं केलं ना, त्याच्या हातात सोन्याचं कडं घालायला हवं.”

“पण त्याचं नाव कुठेच सापडत नाही गं.”

काकांना राहवेना.

“सतरा नव्हे, सोळाच. लाकूड संपलं होतं, म्हणून लाल जहाजच निळं रंगवलं आणि उलटं टांगलं.”

“तुम्हाला कसं ठाऊक, काका?”

“टांगणारा मीच की. खोडा ते चौदावं.”

“छे हो! शाळेतून यायचो तेव्हा आई कामावर, घर रिकामं. मग हीच मालिका लावून बसायचो. लाल माझं होतं, निळं ह्याचं. कुठलं खोडू? उलट, दोन्हींपुढे सही करा.”

“हात थरथरतो गं पोरी.”

“थरथरू दे, काका. वही आम्ही दोघं धरतो.”