चाळीसची ऐंशी

ते चलान मी अजून भरलेलं नाही आणि भरणारही नाही. अगं, न्यू टाउनमध्ये आमच्या रस्त्याला वेग मोजणारा कॅमेरा लावलाय, आणि त्याच्या आधी हाताने रंगवलेली पाटी आहे: ৪০. मी आपलं इंग्रजी ऐंशी वाचलं आणि गाडी शहाण्यासारखी साठने नेली. तरी चलान आलं!

नवरा म्हणाला, "भरून टाक, वाद नको." मी तडक ट्रॅफिकच्या ऑफिसात गेले.

तिथले साहेब हसले. "दीदी, वो अस्सी नहीं, चालीस है. बांग्ला का चार ऐसाही होता है."

"और जिसको बांग्ला नहीं आता?"

"देखके समझना चाहिए ना!"

माझं डोकंच फिरलं. त्यांच्याच टेबलावरच्या कागदावर मी आपल्या मराठी आकड्यांत लिहिलं: १०. म्हटलं, "ये देखके समझिए."

"सत्तर," साहेब ठामपणे म्हणाले. बंगालीत सात आपल्या एकासारखाच दिसतो ना!

"ये दस है. मैं चालीस में साठ से गई. आप हमारे पुणे में दस की जगह सत्तर से जाते. पहले अपना चलान काटिए!"